करंबेळकरांचा कान आणि माळ्यावरचा पंखा

बाळ करंबेळकर हे नाव पेन्शनच्या कागदावरही तसंच आहे. बाळकृष्ण नाही, बाळाजी नाही, नुसतं बाळ. बँकेतली मुलगी काउंटरवरून ‘बाळ कोण आहे?’ असं विचारते तेव्हा रांगेतले लोक खाली बघायला लागतात, आणि त्र्याहत्तर वर्षांचा, सहा फूट उंचीचा, टक्कल पडलेला एक गृहस्थ पुढे येतो. अलीकडे तो लगेच येत नाही. मुलीला दोन-तीनदा विचारावं लागतं. याचं कारण करंबेळकरांच्या मते एवढंच, की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

हे मत त्यांनी साधारण दोन वर्षांपूर्वी बनवलं आणि त्याला रोज नवा पुरावा मिळत गेला. बातम्या देणारे पुटपुटत होते, रिक्षावाले पुटपुटत होते, नाशिकहून फोन करणारी मुलगी क्षिप्रा तर अधूनमधून बोलायचीच थांबत होती. आपल्या कानात काही कमी-जास्त झालं असेल अशी शंका त्यांना आली नाही असं नाही. पण ज्या माणसाने पस्तीस वर्षं कानाच्या जोरावर पगार घेतला, त्याला ही शंका परवडणारी नव्हती.

घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, त्याला मराठी भाषा जबाबदार आहे. सरोजबाई लग्न झाल्यापासून म्हणत आल्या होत्या, “हे माझं ऐकत नाहीत.” एकोणपन्नास वर्षं हे वाक्य डोंबिवलीतल्या त्या घरात सकाळ-संध्याकाळ बोललं गेलं होतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ते अक्षरशः खरं व्हायला लागलं तेव्हा फरक कोणालाच कळला नाही.

करंबेळकर ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पंख्यांच्या कारखान्यात होते. त्यांच्या खात्याचं नाव नॉइज रूम. नाव आवाजाचं, पण कारखान्यातली सगळ्यात शांत जागा तीच. जाड दरवाजा, भिंतींना आतून बुचाचे पत्रे, मधोमध एक लोखंडी घोडा. त्यावर पंखा टांगायचा, चालू करायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. नापास असेल तर खडूने फुली. कारखान्यात यंत्रंही आलेली होती, काटा हलवून आवाज मोजणारी. पण काटा नुसता किती ते सांगायचा. कसला ते सांगायला करंबेळकर लागायचे.

आणि नामा लागायचा. नामा कळव्याचा, खाडीकाठच्या कोळ्यांतला. पंखा घोड्यावर चढवायचं आणि उतरवायचं त्याचं काम. पण रूममधल्या सगळ्या आवाजांची बारशी त्याने केली होती. मोटरच्या पोटातून येणारी बारीक गुणगुण म्हणजे ‘घुंगुरटं’. कुठेतरी काही घासून टिकटिक झाली की ‘पाल’. बेअरिंग कोरडं असलं की ‘चणे’, कारण भट्टीवर चणे फुटतात तसा तो आवाज. आणि पाती एका वजनाची नसली, पंखा डुलायला लागला, की नामा म्हणायचा, “होरी निंगाली.” म्हणजे होडी निघाली. करंबेळकर रजिस्टरमध्ये हे शब्द जसेच्या तसे लिहायचे. वरून तपासणीला आलेल्या एका साहेबाने ‘शेरा’ या रकान्यात एकाच दिवशी सात पाली वाचल्या आणि खोली साफ करून घेण्याचा लेखी हुकूम काढला. तो हुकूम करंबेळकरांनी बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता.

दिवसभर पंख्यांच्या वाऱ्यात उभं राहिल्याने त्या खोलीत बारा महिने थंडी. करंबेळकर मे महिन्यात हाफ स्वेटर घेऊन कामावर निघायचे. गल्लीतले लोक सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायचे, नंतर सरोजबाईंकडे बघून सहानुभूतीने हसायचे. कुठेही पाहुणे म्हणून गेलं, की आधी वर बघायचं ही सवय त्यांना तेव्हाच लागली. यजमान पाणी विचारतात तोवर ते म्हणायचे, “चणे आहेत.” यजमानीण गोंधळून आत डबा शोधायला जायची.

तर असा माणूस, आणि त्याच्याच डोक्यावरचा माळा मार्च महिन्यात तापायला लागला.

घर डोंबिवली पूर्वेला, चार घरांच्या गल्लीत. खाली तीन खोल्या, वर पत्र्याखाली पोटमाळा. माळ्यावर इतकी वर्षं ट्रंका, पाट, गणपतीचं मखर आणि क्षिप्राची शाळेतली पुस्तकं राहत होती. यंदा तिथे उर्वी आली. उर्वी क्षिप्राची मुलगी, सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला बसणारी. परीक्षा मे महिन्यात, क्लास ठाण्याला. ती आजीआजोबांकडे राहायला येणार म्हटल्यावर करंबेळकरांनी ट्रंका शेजारच्या बाबुरावांच्या पडवीत हलवल्या आणि माळ्याला आतून चुना दिला. टेबल लावलं, दिवा लावला. उर्वी वर गेली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, “आजोबा, ही माझी खोली. मी परीक्षेपर्यंत इथून हलत नाही.”

ती तीन आठवडे हलली नाही. मग ऊन चढलं. दुपारी बारानंतर वर पेन धरलं तर हात कागदाला चिकटायचा. उर्वी लाल तोंडाने खाली यायची, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पुस्तक उघडायची, आणि सरोजबाईंची भिशी त्याच वेळी असायची. ठाण्याला तिची मैत्रीण कल्पिता एका पीजीमध्ये राहत होती. एसी खोली, खालीच अभ्यासिका. तिच्या शेजारचा पलंग रिकामा होणार होता. उर्वीने ही गोष्ट जेवताना सहज सांगितल्यासारखी सांगितली. पुढच्या रविवारपर्यंत कळवायचं होतं. दहा दिवस होते.

करंबेळकरांनी तेवढं मात्र पहिल्या झटक्यात ऐकलं.

त्या घरात गेल्या कित्येक वर्षांत वरच्या जिन्यावर कोणाची पावलं वाजली नव्हती. पावलांचा आवाज त्यांना येत नव्हता, पण जिना हलला की खालच्या कपाटाची काच हलायची, ती दिसायची. काच हलली की ते सरोजबाईंना सांगायचे, “आली बघ.” ती काच मे महिन्यापर्यंत हलत राहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

मग सल्ले सुरू झाले. क्षिप्रा फोनवर म्हणाली, एसी बसवा. करंबेळकर म्हणाले, तापलेल्या उघड्या पत्र्याखाली एसी लावणं म्हणजे गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात बर्फ टाकत राहणं. बाबुराव म्हणाले, एमआयडीसीतल्या शेडवर ते स्टीलचे कांदे फिरत असतात ना, वाऱ्यावर चालतात, वीज लागत नाही, तसला एक बसवा. त्यावर करंबेळकरांनी त्यांना कट्ट्यावर बसवून समजावलं, की बाबुराव, ज्या दिवशी वारा असतो त्या दिवशी उकडत नाही. ज्या दिवशी उकडतं त्या दिवशी तुमचा कांदाही माझ्यासारखाच वाऱ्याची वाट बघत बसणार. शिवाय त्याला पत्र्याला भोक पाडायचं, म्हणजे पावसाळ्यात माळ्यावर बादली. उर्वीने फोनवर सूर्यावर चालणारा पंखा दाखवला. तोही छपरात बसवायचा होता. पुन्हा भोक, पुन्हा बादली.

“मग काय करायचं, आजोबा?”

“गरम हवा कुठे जाते?”

“वर.”

“मग तिला वरूनच बाहेर काढायची. छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत, जितका उंच बसेल तितका उंच एक्झॉस्ट. आणि समोरच्या भिंतीतली खालची खिडकी उघडी. ती बंद ठेवलीस तर पंखा नुसता भिंतीशी कुस्ती खेळेल. आत येईल तेवढीच बाहेर जाईल.”

त्यांनी टेप लावली. वीस फूट लांबी, बारा फूट रुंदी, मधली आणि कडेची उंची मिळून सरासरी सहा फूट. चौदाशे चाळीस घनफूट. ही सगळी हवा तासाला पंचवीस वेळा बदलायची, तर मिनिटाला सहाशे घनफूट ओढणारा पंखा हवा. म्हणजे बारा इंची. आणि इथे त्यांनी बोट वर केलं. “मोठं पातं, कमी फेरे. नऊ इंची पंखा जास्त गरगरून तेवढीच हवा काढेल, पण ओरडेल. तुला अभ्यास करायचाय. नऊशे फेऱ्यांचा बारा इंची आणू. तो तुला कळणारही नाही.”

उर्वीने हे वहीत लिहून घेतलं. इतकं बरोबर उत्तर काढलेला माणूस चुकीचा पंखा आणेल असं कोणाला वाटलं असतं?

कल्याणला बाजारात गुणाजींचं विजेच्या सामानाचं जुनं दुकान आहे. करंबेळकर नोकरीत असल्यापासून तिथे जायचे. गुणाजींनी काउंटरवर नऊशेचा लावून दाखवला. करंबेळकरांनी डोळे मिटले. शांत. मग सहज म्हणून चौदाशे फेऱ्यांचा लोखंडी पंखा लावला. करंबेळकरांनी पुन्हा डोळे मिटले. तोही शांत. त्यांना फार आनंद झाला. पस्तीस वर्षांत चौदाशेचा इतका मुका नग त्यांनी ऐकला नव्हता. दोन्ही सारखेच शांत असतील तर कमी हवा कशाला घ्यायची? आवाजामुळे जो प्रश्न पडायचा, तो आवाजच नसल्यामुळे पडला नाही.

गुणाजी म्हणाले, “करंबेळकर, हा जरा बोलतो हां.”

“छे, डोलत नाही,” करंबेळकर म्हणाले. “बॅलन्स उत्तम आहे.”

गुणाजींनी पंखा बांधायला घेतला. करंबेळकरांना पंख्यातलं शिकवायचं धाडस कल्याणच्या बाजारात कोणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी सूरज इलेक्ट्रिशियनने भिंतीत चौकोन कापून पंखा बसवला आणि बटण दाबलं. तो शिडीवरच थबकला. “काका, मशीन एकदम पॉवरफुल आहे,” तो ओरडला. त्याने ओरडून सांगितलं म्हणून करंबेळकरांना ते छान ऐकू गेलं, आणि एकतरी माणूस स्पष्ट बोलतो याचं समाधान वाटलं.

माळा खरोखर निवला. पत्रा तसाच तापलेला, पण दुपारी दोन वाजता वर बसता येऊ लागलं. करंबेळकर रोज विचारायचे, “कसा आहे पंखा?” उर्वी अंगठा वर करून दाखवायची. सरोजबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, “पोरगी बसतेय ना वर? मग झालं.” बाबुरावांनी मात्र फाटकापाशी थांबून काहीतरी विचारलं. करंबेळकरांना वाटलं, वरणाची कृती विचारताहेत. ते म्हणाले, “ते सरोजला विचारा.” बाबुराव विचारत होते, वरती गिरणी टाकलीत का.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी करंबेळकर पन्ह्याचा पेला घेऊन वर गेले. उर्वी पाठमोरी बसली होती. त्यांनी हाक मारली. तिने मागे पाहिलं नाही. पुन्हा मारली. मग पुढे जाऊन टेबलावर पेला ठेवला तेव्हा ती दचकली आणि तिने घाईघाईने कानांतून काहीतरी काढून मुठीत लपवलं. एक मात्र टेबलावर घरंगळलं. नारिंगी रंगाचा, स्पंजचा, बोराएवढा बोळा.

“हे काय?”

“काही नाही, आजोबा. एकाग्रतेसाठी असतं. सगळे घालतात.”

करंबेळकरांनी तो बोळा हातात घेऊन दाबला. तो हळूहळू पुन्हा फुगला. मग ते उठले, पंख्यापाशी गेले आणि भिंतीवर पंजा टेकला.

भिंत थरथरत होती. तळहाताला त्यांनी शिकवलेलं नव्हतं, पण पस्तीस वर्षं तो त्यांच्याबरोबरच त्या खोलीत उभा होता. चौदाशे फेरे. खाली बेअरिंगचा कोरडा काटा, वर पात्याची धाप. असा नग नामाने घोड्यावरून उतरवायचीही वाट पाहिली नसती, चालू असतानाच फुली मारली असती. हा पंखा किंचाळत होता, आणि त्यांच्या कानांना तो माळा रिकाम्या देवळाइतका शांत वाटत होता.

“किती वाईट आहे?” त्यांनी विचारलं.

“चालतंय, आजोबा. खरंच.”

ते खाली आले. दोन दिवसांवर रविवार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोणालाही न सांगता कळव्याला गेले. मनात बेत सोपा होता. नामाला घेऊन कल्याणला जायचं, त्याच्या कानाने पंखा बदलून आणायचा. घरी काही बोलायची गरज नाही.

नामा ओट्यावर जाळं सांधत बसला होता. सूनबाई दिपिका शेजारी वाटीत सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, निवडत होती.

“ये, बाल, ये. च्या टाक गो, दिपिका. साहेब आयलेत.”

“नामा, कल्याणला चल. एक पंखा ऐकायचाय.”

“आँ?”

“पंखा! ऐकायचाय!”

“मंग आयक ना तू. साहेब तू हास का मी?”

“म्हटलं, दुसरं मत असावं.”

नामाने हातातली सुई खाली ठेवली, कानामागे बोटं घातली आणि चिंचोक्याएवढं एक यंत्र काढून तळहातावर धरलं. “यो बग. दोन वरसां झाली. कानान घातला का समदा आयकू येते. कावले बी, न सूनबाय बी.”

“मना पन आयकू येते हां, बाबा,” दिपिका सोड्यांतून मान वर न करता ओरडली.

नामा हसला, यंत्र पुन्हा कानात बसवलं आणि करंबेळकरांकडे नीट बघितलं. “तुजा गेला का?”

करंबेळकरांनी खाडीकडे पाहिलं. हा प्रश्न आजवर कोणी इतक्या मोठ्यांदा विचारला नव्हता. “थोडा,” ते म्हणाले.

“मंग दोन बहिरे कल्यानला जाव न काय करू? बाजारान लोक हसतील.” नामाने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. “पंख्याखाली बसनार कोन?”

“नात.”

“मंग तिचा कान ने. आपुन रूममंदी कोनासाठी आयकत व्हतो? जो पंख्याखाली निजनार त्याच्यासाठी. त्यो काय तवा आपल्यासंगं उभा नव्हता, म्हून आपुन आयकत व्हतो. तुजी नात त घरानच हाय.”

मग दोघांनी चहा घेतला आणि कारखान्यातल्या लोकांची नावं काढली. कोण गेलं, कोण आहे, कोणाचा मुलगा परदेशात आहे. बरीचशी नावं दोघांना दोनदा सांगावी लागली, पण घाई कोणाला नव्हती. निघताना नामाने सोड्यांची पुडी हातात ठेवली. “वयनीला सांगू नको,” तो म्हणाला. करंबेळकरांच्या घरात सोडे शिजत नाहीत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पुडी द्यायची ही त्याची जुनी सवय, आणि ती बाबुरावांना नेऊन द्यायची ही करंबेळकरांची.

घरी सरोजबाई ओट्यापाशी कैरी किसत होत्या. उर्वी समोर स्टुलावर बसून फोनकडे बघत होती. कल्पिताचा मेसेज असणार.

करंबेळकर दारातच उभे राहून म्हणाले, “मला ऐकू येत नाही.”

“माहितीये,” सरोजबाई किसत राहिल्या. “एकोणपन्नास वर्षं झाली.”

“ते नाही, सरोज. ऐकू येत नाही.”

किसणी थांबली. सरोजबाईंनी वळून बघितलं. त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या दोन वर्षांतली सगळी भांडणं एकेक करून गेली असावीत, कारण त्यांचा चेहरा एकदा खजील झाला, एकदा पुन्हा रागावला, आणि शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, मग त्या दिवशी मी माहेरच्या लग्नाचं विचारलं तेव्हा तुम्ही ‘नको, फार तिखट असतं’ म्हणालात ते...”

“मला वाटलं लोणचं.”

उर्वीला हसू आवरेना. मग तिच्या लक्षात आलं की आजोबा हसत नाहीयेत. ते तिच्याकडे बघत होते.

“उर्वी, तो पंखा भयंकर आहे ना?”

तिने आजीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “भयंकर आहे, आजोबा,” ती जोरात म्हणाली. “विमान उतरतंय असं वाटतं, आणि ते उतरतच नाही. मी सांगणार होते. पण तुम्ही इतके खूश होतात.”

“उद्या सकाळी माझ्याबरोबर कल्याणला येशील? तुझा एक तास जाईल.”

“येते.”

“कल्पिताला दुपारनंतर कळव.”

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून उतरवून आणलेला पंखा गुणाजींनी काउंटरवर ठेवून घेतला आणि कपाळाला हात लावला. “मी बोललेलो त्या दिवशी! म्हटलं होतं, हा बोलतो.”

“मी डोलतो ऐकलं,” करंबेळकर म्हणाले. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनी आवाज कमी केला नाही. “मला ऐकू येत नाही, गुणाजी. आज ही ऐकणार. नऊशेचे बारा इंची असतील तेवढे काढा.”

चार नग निघाले. उर्वी काउंटरपाशी डोळे मिटून उभी राहिली. कसं उभं राहायचं ते कोणी तिला सांगितलं नव्हतं. करंबेळकरांनी पंख्याच्या चौकटीवर तळहात ठेवला.

“बोल.”

“कोणीतरी स्कूटी स्टँडवर लावून चालूच ठेवलीये. लांब कुठेतरी.”

“मोटर गुणगुणतेय. दुसरा.”

“हा... शेजारच्या खोलीत कोणी पापड खातंय.”

“बेअरिंग. आम्ही त्याला चणे म्हणायचो.”

“पापडच आहे, आजोबा. चणे असे नाही वाजत.”

करंबेळकरांनी वाद घातला नाही. गिऱ्हाइकांपैकी एक जण आता त्याच्या वायरीचं बिल विसरून ऐकत होता. तिसरा लागला. उर्वीने मान कलती केली. एकदा भुवया जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या.

“काय?”

“आजी चिडून बोलायची थांबते ना, तसं. आवाज नाही. पण काहीतरी आहे.”

“ती हवा,” करंबेळकर म्हणाले. “ती असणारच.” तळहाताखालची चौकट जवळजवळ स्थिर होती. “चौथाही ऐक.”

चौथ्यात पुन्हा पापड होता. तिसरा बांधून घेतला.

दुपारी सूरजने तो बसवला. शिडीवरून उतरून तो नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलला. काय ते करंबेळकरांना कळलं नाही आणि त्यांनी ते तसंच सोडलं नाही. “काय म्हणालास?” त्यांनी विचारलं. “काका, चालू आहे का बघतो म्हटलं,” सूरज म्हणाला, आणि पात्यांकडे बोट दाखवून हसला.

समोरच्या भिंतीतली खालची खिडकी उर्वीने सताड उघडली. अर्ध्या तासाने माळ्यावरचं वर्तमानपत्राचं पान खिडकीकडून पंख्याकडे सरकायला लागलं, आणि छपराखाली कोंडलेला पत्र्याचा वास गेला. उर्वीने फोन उचलला, कल्पिताला दोन ओळी लिहिल्या आणि फोन उपडा ठेवला.

“काय कळवलंस?”

तिने तोंड त्यांच्याकडे वळवलं. “नाही येत म्हणून.”

करंबेळकर ट्रंकेवर बसले होते. बाबुरावांच्या पडवीत जागा नसल्याने ती एक परत आली होती. त्यांनी पंख्याकडे बघितलं. पाती फिरताना दिसत होती. बाकी त्यांच्याकडे काही येत नव्हतं.

“आवाज आहे?”

सवयीने तिचा अंगठा वर जाणार होता. तो अर्ध्यावर थांबला.

“आहे,” ती म्हणाली. “थोडा. सांगू कसा?”

“सांग.”

तिने पुस्तक पालथं ठेवलं आणि सांगायला लागली, मोठ्यांदा, सावकाश. मध्ये एक शब्द त्यांना लागला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला, आणि तिने पुन्हा सांगितला.